घोड्याचं इंजेक्शन

५ जानेवारी
आलो बाई एकदाचे इंदूरला! कराडहून निघताना आईने दहादा बजावलं, नंदूला सांभाळ. तो काय तान्हा आहे? तेवीस वर्षांचा पहिलवान भाऊ माझा. सकाळी पोह्यांच्या चार प्लेटी आणि पाव किलो जिलेबी एकट्याने हाणली. सुदामा नगरात दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण सुलोचनाबाई मराठीच, पण बोलणं ऐकावं: "टेन्शन नका घेऊ डॉक्टरजी, पानी चोवीस घंटे राहतं." मी उद्यापासून महू रोडला दौलतरावांच्या पागेत, शर्यतीच्या अकरा घोड्यांची डॉक्टर. नंदू बडा गणपतीजवळच्या आखाड्यात. मार्चमध्ये कुस्त्यांचं मोठं मैदान आहे. ते मारलं तर नोकरी लागेल, असं उस्ताद कृष्णराव म्हणालेत.

१९ जानेवारी
बादल नावाचा घोडा मागे पडतो, म्हणून दौलतरावांनी ताकदीच्या इंजेक्शनाचा, म्हणजे स्टिरॉइडचा, आग्रह धरला. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, तपासणीच्या बऱ्याच आधी बंद करू, काही सापडत नाही. तपासणी तरी कसली! घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार संताजी शीळ घालतो, सवयीने घोडा लघवी करतो, नमुना बाटलीत. दिलं शेवटी. मन खात होतं, म्हणून जेवताना नंदूला सगळं सांगितलं. मात्रा वजनावर ठरते, म्हटलं. त्याने विचारलं, माझ्याएवढ्याला किती लागेल? मी हसत हसत तोंडी हिशोब करून सांगितला. असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची मला भारी हौस.

११ फेब्रुवारी
आज बादलने संताजीच्या खांद्याचा लचका तोडला. आतलं हाड दिसत होतं. घोड्याने तो तुकडा थुंकून टाकला आणि पुन्हा चंदी खायला लागला. संताजी ओरडतही नव्हता, नुसता खांद्याकडे बघत होता. त्याला दवाखान्यात पोचवलं. या औषधाने जनावर चवताळतं, म्हणून मी इंजेक्शनं बंद केली आणि दौलतरावांच्या हाती नकोत म्हणून उरलेल्या पाच बाटल्या घरी आणून कपाटात ठेवल्या. मला वाटलं, शहाणपणा केला.

२६ फेब्रुवारी
कपाटात दोनच बाटल्या. नंदूच्या पाठभर त्याच औषधाचे फोड आलेत. विचारलं, तर म्हणाला, "ताई, घोड्याला विचारलं होतंस? मी निदान स्वतःला विचारलं." घोड्याची तपासणी तरी होते, आखाड्यात माझी कोण करणार, म्हणाला. मी आवाज चढवला तेव्हा आमटीचं ताट माझ्या डोक्याशेजारी भिंतीवर फेकलं. उस्तादांना सांगायला हवं. पण मग ते त्याला मैदानातून काढतील, पोराची नोकरी जाईल. दोनच आठवडे उरलेत. गप्प बसले. उरलेल्या दोन बाटल्या मात्र पेटीत कुलूप लावून ठेवल्या.

१० मार्च
आज मैदान. नंदूसमोर श्रीराम होता, इथलाच, एकोणीस वर्षांचा. नंदूने त्याला चीत केलं. पंचांनी शिट्टी दिली. नंदू सोडेना. मान पिळतच राहिला. चौघांनी ओढलं, त्यातल्या एकाचं त्याने नाक फोडलं. मान मोडल्याचा आवाज मला पहिल्या रांगेत आला. श्रीराम गेला. नंदू गर्दीतून पळाला. मी बोलले असते तर ते पोर जिवंत असतं. माझ्या गप्प बसण्याने मारलं त्याला.

११ मार्च, सकाळ
पोलीस येऊन गेले. बाटल्यांचं सगळं सांगितलं. नंदूचा पत्ता नाही. उरलेल्या दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या.

दुपार
नंदू गच्चीवरून आला. बाटल्या मागितल्या. ओतल्या म्हटलं तर केस धरून भिंतीवर आपटलं — दोनदा. कसाबसा हिसडा देऊन आतल्या खोलीत घुसले. कडी लावली. फोन बाहेरच. कपाळातून डोळ्यात रक्त उतरतंय, अक्षर दिसत नाही नीट —

दारावर धडका मारतोय. डोक्याने. सुलोचनाबाई जिन्यातून ओरडत आल्या, नंदू भिया छोडो, छोडो —

काहीतरी पडलं. आता ओरडत नाहीत.

थांबला. रडतोय. "ताई, हाताची नस तुटलीय. टाके घाल ना."

दाराखालून रक्त येतंय. खूप. नस तुटली असेल तर अर्ध्या तासात — औषध माझं होतं. मरू कसा देऊ? डॉक्टर आहे मी —

कडी काढली. फटीतून पाहिलं. शांत उभा आहे. दोन्ही हात धड. रक्त त्याचं ना—