खोलीतली परकी बाई

समाना, मंगळवार

प्रिय युडेल्का,

तू आईला पाठवलेलं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. चष्मा लावूनही तिला आता अक्षर लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रबंधाच्या कामात तुझ्या हाती आपल्या दवाखान्यातली तीस वर्षांपूर्वीची ती फिल्म लागली. त्यात वर्षाची तू, आई खोलीबाहेर जाते तरी रडत नाहीस, परत येते तर वळूनही बघत नाहीस. आई दारात उभी राहून नुसती हसते, उचलून घेत नाही. 'आपलं नातं पहिल्यापासूनच तुटलेलं होतं' या ओळीशी मी कागद खाली ठेवला. तुझी आई मिल्केया म्हणाली, "वाच की गं, थांबलीस कशाला?"

तुझा राग आलाय मला, आधीच सांगते. स्वतःचा त्याहून जास्त. त्या वर्षी परदेशातून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बाळांचा आईवर किती जीव आहे ते तपासायला. मी दवाखान्यात झाडू मारायचे. आईनं बाळाला बंद खोलीत सोडून जायचं, मग एका परक्या बाईनं आत येऊन बसायचं, आणि त्या सगळ्याची फिल्म काढायची, असा त्यांचा नेम. आता आपल्या गल्लीत बाळ कधी बंद खोलीत राहिलंय? आणि परकी बाई आणायची कुठून? आम्हाला वाटलं, जे पोर रडेल ते नापास. मिल्केया माझ्या मागेच लागली. "अगं, परकी दिसली तर पोरगी घर डोक्यावर घेईल, माझी अब्रू जाईल. तूच जा ना आत!" बाईंनी विचारलं, हे बाळ तुझ्या ओळखीचं आहे का? मी तोंड वर करून नाही म्हणाले.

फिल्ममधली पिवळ्या झग्यातली ती पाठमोरी बाई मी आहे. तुझी आई पहाटे कोळंबी सोलायला जायची, तेव्हा एका बाजूला माझा राडामेस आणि दुसऱ्या बाजूला तू, दोघांना मी अंगावर पाजायचे. माझ्या मांडीवर असताना तू रडशील कशाला? आणि आई हसली, कारण तिला वाटलं आपण जिंकलो. घरी येऊन आम्ही नारळाच्या दुधातले मासे केले आणि गल्लीभर तुझं कौतुक सांगत सुटलो. बाईंच्या कागदावर आई एक आणि परकी एक, एवढ्याच जागा होत्या. माझी जागा त्यात नव्हतीच. गल्लीतल्या बाकीच्या बाळांबद्दलही त्यांनी असंच काय काय लिहिलं असेल, या विचारानं आता जीव धास्तावतो.

हे तुला कळवायचं नाही, अशी तुझ्या आईनं मला शपथ घातली आहे. त्या फिल्मवर तुझा प्रबंध उभा आहे, तो मोडेल म्हणते. "शिकलेली आहे ती, उगाच लिहील का? मीच कुठेतरी चुकले असेन." हल्ली अंगणात बसून ती मला विचारते, त्या दिवशी दारात न थांबता मी तिला उचलून घ्यायला हवं होतं का गं? मला बघवत नाही.

बाळंतपणाला येऊ नकोस, माझ्या बाळाला हात लावू नकोस, असं तू तिला लिहिलंस. काल ती लाल दोऱ्यात ओवलेला काळा मणी घेऊन माझ्याकडे आली, बाळाच्या मनगटात बांधायला. म्हणाली, "तुझ्या नावानं पाठव. माझा म्हटलं तर ती बांधायची नाही." मी पाकिटावर पत्ता घातला, मणी आत टाकला, आणि परत बाहेर काढला. मणी मी पाठवत नाहीये. प्रबंधाचं काय करायचं ते तू ठरव. मणी तुझी आईच घेऊन येईल, तिला बोलाव.

तुझीच, त्या खोलीतली परकी,
एर्सिलिया मावशी