नवा लॅपटॉप आणि ह्यांचा आवाज

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

आणला एकदाचा! काळा, पातळ, वहीसारखा मिटणारा. दुकानातला रविराज म्हणाला, "वहिनी, घरी जाऊन नुसता चालू करा. बाकीचं तो स्वतःच विचारतो." विचारतोच नुसता! भाषा कोणती, देश कोणता, ईमेल काय, पासवर्ड काय, चेहरा दाखवा, बोट ठेवा. आणि मग गोल फिरणारे ठिपके. 'अपडेट होत आहे, बंद करू नका.' जेवणं उरकून लावला होता, दिवेलागण झाली तरी ठिपके फिरतायत.

मला कुठं एवढा वेळ आहे! एकवीस तारखेला मिरजेत ह्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन. घशातली स्वरपेटी काढणार. पूर्ण. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. नळी बसवून पुढंमागं काहीतरी बोलता येईल, पण तो आवाज ह्यांचा नसेल. जाता जाता म्हणाले, "आहे तोवर रेकॉर्ड करून ठेवा."

कुस्तीच्या मैदानात ह्यांचं, नानासो निवेदकांचं, नाव काढलं की चेहरा कुणाला आठवत नाही, आवाज आठवतो. लग्नात कुणी अनोळखी भेटला तर म्हणतो, "जरा बोला बघू." हे बोलले की लगेच पाया पडायला वाकतो. असा आवाज. आणि तो आता ह्या पातळ पेटीत भरायचा, मी!

हे खुर्चीत बसून ठिपके बघत होते.

"झालं का?"

"न्हाई."

"मग च्या तरी टाक."

४ जानेवारी

पासवर्ड चुकला. कालच ठेवलेला, माझाच, मलाच आठवेना. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

५ जानेवारी, रविवार

लॅपटॉप उघडला की कोपऱ्यातून एकेक चौकोन वर येतो. व्हायरसपासून धोका आहे. तीस दिवस फुकट. गेम खेळा. बातम्या वाचा. सगळी जत्रा! आणि ह्या जत्रेत मला रेकॉर्डिंगचं बटण सापडेना. पुण्याला अंकिताला फोन लावला. लेक आमची, पण कामात असली की परक्यासारखी बोलते. "आई, नको असलेलं सगळं काढून टाक. चालू होताना आपोआप सुरू होतं तेही बंद कर. म्हणजे हलका होईल."

काढलं. चुलीतली राख काढावी तसं भराभर काढलं. झाला हलका! लगेच उघडायला लागला. खूश होऊन माईकपुढं "हॅलो" म्हटलं, तर काही नाही. टाळी वाजवली, काही नाही. आवाजाचंच काहीतरी काढून बसले. आवाजाचंच! घरातलं दुसरं काहीही गेलं असतं तरी चाललं असतं.

पदराआड रडले. ह्यांना कळलंच. म्हणाले, "अगं, मशीन हाय ते. माणूस बी दुरुस्त करत्यात, मग मशीन हुनार न्हाई व्हय?"

६ जानेवारी

कॉलेजच्या ग्रंथालयातून अर्धी रजा घेतली. रविराजनं दहा मिनिटांत परत बसवलं. "वहिनी, कामाचं पण काढलंत की!" हसला. मी नाही हसले. अर्धा दिवस गेला.

८ जानेवारी

मराठी टायपिंग जमलं. इंग्रजी अक्षरं दाबायची, मराठी उमटतं. लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाजही मिळाला. पुरुषाचा. बातम्या देणाऱ्यासारखा, स्वच्छ, कोरडा. ह्यांनी लिहायला लावलं, 'लाल मातीचा मान राखा.' यंत्रानं वाचलं. ह्यांनी ते पुन्हा वाजवायला लावलं. मग म्हणाले, "ह्यो मानूस कदी मातीत उतरलेला न्हाई."

म्हणून यंत्राच्या आवाजावर भिस्त ठेवायची नाही. ह्यांची स्वतःची वाक्यं भरायची, एकेका बटणाला एकेक बांधायची. दाबलं की ह्यांचा आवाज. अंकितानं तसा एक प्रोग्रॅम पाठवलाय. सकाळी कोमट पाणी प्यायल्यावर ह्यांचा घसा थोडा वेळ मोकळा असतो, नंतर फक्त खरखर. जे काय करायचं ते सकाळी.

९ जानेवारी

रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज आला. भिंतीवरचा बंद केला, तर लॅपटॉपच्या पोटातला सुरू झाला. तापला की घरघरतो. तो थांबला तर शेजारच्या साळूबाईंचा मिक्सर. मिक्सर थांबला तर गॅसवाल्याचा भोंगा. सातारा शहरात सकाळी शांतता म्हणून कुठं मिळत नाही, आज कळलं.

शेवटी कपाटाची दारं उघडली, आत गोधड्या, पुढं हे. कपाटात तोंड घालून मैदान गाजवणारा माणूस!

बोलले मात्र काय! "बसून घ्या मंडळी, कुस्ती लागली!" घसा बसलेला, तरी अंगावर काटा आला.

१० जानेवारी

भांडण झालं. मी म्हटलं, आता घरातली वाक्यं भरू. पाणी दे. दुखतंय. उशी वर कर.

"मी असलं म्हणनार न्हाई."

"आवं पण गरज लागंल."

"लागली तर हातानं सांगीन. माजा आवाज हागायला-मुतायला ठिवायचा न्हाई."

उठून गेले. सकाळ गेली. मी रिकाम्या लॅपटॉपपुढं बसून फोल्डरची नावं बदलत राहिले. मैदान. घर. मैदान. घर. 'घर'मध्ये काहीच नाही.

१३ जानेवारी

आज स्वतःहून कपाटापुढं येऊन बसले. काल अंकिताशी फोनवर बोलताना ह्यांचा आवाज मध्येच फुटला होता, दोनदा. भ्यायले असावेत. तसं म्हणणार नाहीत.

"घे तुजं घरचं."

घेतलं. पाणी दे. दुखतंय. माजा चष्मा कुठं हाय? च्यात साखर कमी हाय. दार कोन वाजवतंय बघ. मग मलाच विचारलं, "तुला काय पायजे बोलून?"

म्हटलं, "भांडण भरून ठेवा. पुढं मी एकटीच कशी भांडू?"

हसले. एवढे हसले की खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. अंकिता म्हणते खोकला कापून टाक. नाही कापणार.

१७ जानेवारी

आज काहीच निघालं नाही. वाऱ्यासारखं फुस्स. सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं, अंकिताला पाठवलं. तरी धीर नाही. तासातासाला उघडून बघते, आहे ना!

२० जानेवारी

मिरजेला निघालो. पेठनाका आला. हे कुजबुजले, "उसाच्या गाड्या लय." सगळ्या वाटेत एवढंच.

२१ जानेवारी

नेलं आत.

२२ जानेवारी

आहेत. गळ्याला भोक, त्यात नळी, त्यातून श्वास. डोळे उघडले. ओठ हलले. आवाज नाही. माहीत होतं. माहीत असून काय होतं!

२ फेब्रुवारी, रविवार

वॉर्डात लॅपटॉप उघडून मांडीवर दिला. एकदम सुरू झाला, कुठंही अडला नाही. बटणं दाखवली. ह्यांनी 'पाणी दे' दाबलं. पलंगावरून ह्यांचाच आवाज आला आणि ह्यांचं तोंड मिटलेलं. शेजारच्या पलंगाजवळ बसलेली बाई दचकली. ह्यांनी झाकण मिटलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी बाहेर जाऊन फेऱ्या मारल्या. सिस्टर म्हणाल्या, "काकू, बसा की." बसवत नाही.

१९ मार्च

रेडिएशनचे शेक चालू आहेत. गळा भाजल्यासारखा लाल. आता टाइप करतात, दोन बोटांनी. यंत्राचा कोरडा माणूसच बोलतो. भरलेली वाक्यं वॉर्डातल्या त्या दिवसानंतर एकदाही दाबली नाहीत. विचारलं तर लिहिलं, 'ते मैदानासाठी.'

२० एप्रिल, रविवार

आप्पासाहेब आले होते, सांगलीकडच्या एका गावच्या यात्रा कमिटीचे. पुढच्या रविवारी मैदान, ह्यांचा सत्कार करायचा म्हणतात. शाल, फेटा. ह्यांनी लॅपटॉप मागितला, लिहिलं. यंत्र बोललं, "सत्कार नको. निवेदन करतो."

आप्पासाहेब माझ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "करा की. तुमचंच मैदान हाय. वहिनी, तुमी बी स्टेजवर या. यंत्र तुमालाच येतंय."

आठवडाभर आता झोप नाही! बॅटरी, चार्जर, भोंग्याला जोडायची वायर. स्क्रीन मध्येच काळी पडते ते बंद केलं. अपडेट पुढं ढकललं. वाक्यं पुन्हा लावली. हे शेजारी बसून एकेक बटण पाठ करतायत, शाळेतल्या मुलासारखे.

२८ एप्रिल, सोमवार

कालचं लिहायचं आहे.

आखाड्याभोवती माणूसच माणूस. गुलाबी फेटा बांधून हे टेबलामागं बसले, पुढं लॅपटॉप, लॅपटॉपला माईक टेकवलेला, वायर ऐनवेळी चालली नाही. पहिलं बटण दाबलं. "बसून घ्या मंडळी, कुस्ती लागली!" सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. म्हातारे उभे राहिले. मी म्हटलं, जिंकलं!

आणि तिथून घसरलं. ऊन थेट पडद्यावर, काही दिसेना. पैलवानांची नावं भरलेली नाहीत, कशी असणार? टाइप करायला लागले, तर यंत्राच्या आवाजाला इंटरनेट लागतं आणि तिथं रेंज नाही. मी घरी वायफायवर तपासलं होतं, घरी! कुस्ती लागून सुटली तरी भोंगा मुका. हलगीवाला वाजवायचा थांबला. ह्यांनी घाईत काहीतरी दाबलं आणि अख्ख्या मैदानात ह्यांचा आवाज घुमला, "माजा चष्मा कुठं हाय?"

लोक हसले. पोटभर हसले. ह्यांचा चेहरा फेट्यासारखा झाला. बोटं बटणांवर नुसती फिरायला लागली. मला ते बघवेना. माफी मागावी म्हणून मी माईक उचलला.

माफीचे शब्द यायच्या आत पुढची जोड भिडली. कराडचा महेंद्र आणि ह्याच गावचा शिवतेज, नावं आप्पासाहेबांनी कानात सांगितलेली. शिवतेज खाली वाकून पायात घुसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं पट काढला की पोरानं!" माझा आवाज, भोंग्यातून, बारीक, फाटका. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी ओरडलं, "बाई बोलतीया रं!" थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. महेंद्र त्याच्यातून निसटला, गळ्यात हात घातला, मी म्हटलं, "आता ढाक लावतोय बघा... लावली... गेलं, गेलं, पोरगं वर गेलं... आस्मान दाखवलं!" हलगी कडाडली.

पुढच्या सगळ्या कुस्त्या मीच बोलले. कसं आलं? मला माहीत नाही. वर्षानुवर्षं भाकरी थापताना कानावर पडलेलं सगळं बाहेर पडत होतं. नावं चुकले, तर लोकच ओरडून सुधारायचे. घसा फाटला. अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं!

मध्ये एकदा ह्यांच्याकडं बघितलं. ते आखाड्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. हात मांडीवर, लॅपटॉप मिटलेला. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. इतकी वर्षं वाचत आले, काल नाही आलं.

गाडीत एक शब्द लिहिला नाही.

१ मे

लॅपटॉप कपाटात ठेवलाय ह्यांनी. गोधड्यांच्या खाली. सकाळी चालायला जातात, येऊन फाटकाशी बसतात. काही हवं असेल तर बोट दाखवतात. म्हटलं, "राग आला का?" उठून न्हाणीत गेले.

मी डबे पुसते, परत पुसते. ग्रंथालयात एकाच पुस्तकाची दोनदा नोंद केली. आवाज ह्यांचा गेला आणि मैदानही मीच घेतलं का? माफीच मागायची होती मला. खरंच. पण खरं सांगू? दुसऱ्या कुस्तीनंतर माफी आठवलीसुद्धा नाही. आणि हे कुणाला सांगू!

अंकिता म्हणते, "आई, व्हिडिओ बघितला, काय भारी बोललीस!" म्हटलं, फोन ठेव.

३ मे

तेच.

६ मे, मंगळवार

सकाळी ह्यांच्या मोबाइलवर फोन. मीच उचलते, ह्यांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवते. पलूसकडचं कुठलं तरी गाव. म्हणाले, "यात्रेचं मैदान हाय, निवेदनाचं इचारायचं हुतं." म्हटलं, "आवं, ह्यास्नी आता बोलता येत न्हाई." तर तो गडी म्हणाला, "त्यास्नी न्हाई हो. त्या दिवशी बोलल्या त्या बाई पायजेत."

फोनमधला माणूस हॅलो हॅलो करतोय.

हे उठले. कपाट उघडलं, लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. दोन बोटांनी सावकाश टाइप केलं. कोरडा माणूस बोलला, "तारीख विचार."