कानात कापूस

फाल्गुन वद्य ३, शके १७८६. अमरावती.
चरित्राचे चौथे पान फाडले. आजवर ज्याच्यावर लिहिले त्याची सालटी काढली. शाळाखात्याचे साहेब झाले, बैलगाडीच्या चाकाला चांदीची धाव ठोकणारे पाटील झाले. आता एका माणसाबद्दल चांगले लिहायचे म्हणतो, तर लेखणी अडेलतट्टू झाली आहे. माणूस मेलेला, जर्मन, आणि इथे कापूस खरेदीला आलेल्या आपल्या कापूससाहेबांचा (पुढे का. सा.) आजोबा. एका लहानशा दरबारात तीस वर्षे संगीत रचत असे व वाजवून घेत असे. मुंबईच्या मासिकवाल्यांचे पत्र आले: "हे गृहस्थ गात नव्हते, वाजवीत नव्हते, मग करीत काय होते? ज्येष्ठापर्यंत खुलासेवार पाठवावे."
प्रश्न रास्त. मलाच ठाऊक नाही.

फाल्गुन वद्य ७
का. सा.ना विचारले. म्हणाले, "सब आदमी अलग बजाता. एकसाथ." वीस वाजवणारे, प्रत्येकाचे निराळे, एकाच वेळी. आजोबा मधे उभे राहून कागदाची सुरळी हलवणार, राजाकडे पाठ करून! पाठ करून तीस वर्षे नोकरी टिकली. मी इन्स्पेक्टरकडे तोंड केले तर तीन बदल्या झाल्या.
आजोबांचे जेवण मात्र आचाऱ्यांच्या पंगतीत. सर्वांत मोठी रचना राजाने ऐकलीच नाही, त्याच महिन्यात त्याला शिकारी कुत्र्यांचा नाद लागला. ती पुढेही कोणी वाजवली नाही. कागद का. सा.च्या पेटीत आहेत. त्यांनी त्यातला एक धागा, म्हणजे एकाच वाजवणाऱ्याचे सूर, फिडलवर वाजवून दाखवला. खाटेचा एक पाय पाहून झोपेचे वर्णन कसे करावे?
सगळे एकत्र ऐकल्याशिवाय लिहिणार नाही. न जेवता ढेकर देणारे लेखक आपल्यात पुष्कळ आहेत.

चैत्र शुद्ध ११, शके १७८७
वडील कीर्तनकार, म्हणून कान बरा. का. सा. एकेक धागा वाजवतात, मी सा-रे-ग-मात उतरवतो. तीन धागे निवडले: फिडल, सनई, सारंगी. सारंगीला अकोल्याचे उस्ताद रहीमबक्ष कबूल झाले. सनईला बाळापूरचा सखाराम. पण त्याला सवड कुठे? कापसाच्या पैशाने यंदा जो तो लग्न करतो आहे. ज्यांची झाली तेही पुन्हा करतील असे दिसते.

वैशाख शुद्ध ६
अखेर तिघे का. सा.च्या कोठीत कापसाच्या गाठींमध्ये बसले. प्रत्येकाला आपापला धागा तोंडपाठ. सुरू केले. चार मात्रा झाल्या नाहीत तोच उस्ताद सनईच्या मागे चालू लागले. थांबवले. पुन्हा तेच. पुन्हा तेच!
मी म्हटले, "उस्ताद, आपले वेगळे आहे ना?"
"मास्टरसाहब, सामनेवाला अपनी बात कह रहा हो और मैं अपनी अलग हाँकूँ? ये साथ नहीं, बदतमीज़ी है."
जन्मभर दुसऱ्याच्या सुराची सावली होण्यात नाव कमावलेला माणूस. त्याला काय सांगणार? तरी आग्रह केला. त्यांनी डोळे मिटून चार सूर वेगळे लावले, तोच सखाराम सनई खाली ठेवून उठला.
"माहं वाजोनं त्यायले पटत नसन तं तसं सांगा. मी जातो बाळापुरले."

वैशाख शुद्ध ९
तीन बैठका. तोच तमाशा. सौ. अकोल्याची, तिला सगळे सांगितले. म्हणे, "अवो, तुमी अन् मी रोज एकाच वेळी येगयेगळं बोलतो. आपल्याले कोनी दरबारात नेलं का?"
चरित्र तसेच पडून.

वैशाख वद्य ४
अमेरिकेतली लढाई संपली! तिकडचा कापूस सुटणार, म्हणून इथला भाव कोसळला. बाजारात जो तो शेजाऱ्याचे तोंड चुकवतो आहे. का. सा. परवा पहाटे निघणार, पेटीसकट. म्हणजे उद्या, नाहीतर कधीच नाही. घरी आरडाओरडा केला. सौ. शांतपणे म्हणाली, "कानात बोये घाला त्यायच्या."
"काय?"
"कापसाचे. तुमी लिहिलेलं वाचून दाखोता, तवा मी काय करते वाटलं?"
अठरा वर्षांच्या संसारात आज कळले.

वैशाख वद्य ५
सकाळी कोठीवर. गेल्या महिन्यात सोन्यासारखा जपलेला कापूस गाठीतून उपसून सखारामच्या कानात, उस्तादांच्या कानात. का. सा. म्हणाले, "मैं सुनेगा." पण सनईने जरा मींड घेतली की ते "नहीं, नहीं" म्हणून थांबत. शेवटी त्यांनीही बोळे घातले. आजोबाचे ऐकायला जो जन्मभर थांबला, त्यानेच.
मी शाळेतला रूळ घेऊन मधे. सर्वांचे डोळे रुळावर. हमाल दारात जमले होते, त्यांच्याकडे माझी पाठ.
सुरू झाले. सनई खाली येत होती, सारंगी चढत होती, वाटेत दोघी समोरासमोर आल्या, आणि कोणीच कोणाला वाट न देता
पुढे काय लिहू? रूळ हलवत राहिलो. एवढेच.
मग सखारामने हळूच एक बोळा काढला. सनई थांबली.
"का रे थांबलास?"
"आयकू लागलो ना, मास्तर."
माझा रूळ थांबला, तसे बाकीचेही कोलमडले. पुन्हा जमले नाही.

वैशाख वद्य ६
का. सा. गेले. बैलांच्या दमणीत चढताना माझा हात धरून, "तुमने सुना. कैसा था? दादा... अच्छा था?"
इन्स्पेक्टरला, पाटलाला, मासिकवाल्याला, कोणालाही माझ्याकडे उत्तर तयार असते. "लिहून कळवतो," म्हटले. उस्तादांनीही तेच विचारले. त्यांनाही तेच सांगितले.
मासिकवाल्यांचे दुसरे पत्र: "काय करीत होते, ते कळले काय?"
कळले. त्यांना सांगता येईल असे नाही.
कागद पुढे घेऊन दुपार घालवली. एक वाक्य लिहिले; त्यात चिमटा निघाला, खोडले. दुसरे लिहिले, कीर्तनासारखे झाले, खोडले. सौ. पदराला हात पुसत आली. "वाचा."
"काही लिहिलेले नाही."
"मंग तोंडी सांगा. कसं होतं?"
दोन्ही कानांतले बोळे काढून तिने दौतीजवळ ठेवले, आणि समोर बसली आहे.