चित्र पुसून आवाज पुरविल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
चित्रपाठ केंद्र, परभणी.

विषय : खुणांच्या भाषेतील पाठांचे चित्र अस्पष्ट करणारी सर्व्हरची रचना बदलण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची तक्रार व त्यावरील आपला 'निकाली' हा शेरा.

महोदय,

अर्जदार विमला भागवत आंबोरे, रा. ताडकळस, ता. पूर्णा, ही शेती करते. तिची मुलगी भक्ती जन्मतः कर्णबधिर असून सातवीत आहे. आपल्या सर्व्हरवरून टॅबवर येणारे खुणांच्या भाषेतले पाठ पाहून ती विज्ञान शिकते. पाठातल्या बाई हातांनी शिकवतात; मागे एक गृहस्थ तेच बोलून दाखवतात.

शाळा भरली की जिल्हाभरचे टॅब एकदम सुरू होतात आणि बाईंची बोटे एकमेकांत विरघळतात. भक्तीने चाचणीत हृदयाला तीन कप्पे लिहिले. उत्तर चुकीचे ठरले, तेव्हा ती तीन बोटे नाचवत सरांशी भांडली आणि तोच पाठ लावून दाखवला. सरांनाही बोटे मोजता आली नाहीत. त्या दिवसापासून तिने टॅबला हात लावलेला नाही.

अर्जदार केंद्रात आली. आपले अभियंता योगीराज म्हणाले, "ताई, गर्दी झाली की सर्व्हर चित्र हलकं करतो अन् आवाज जपतो. रचनाच तशी हाय. आवाज येतोय ना?"

"सायेब, लेकराला ऐकूच येत न्हाई!"

"तसा पर्याय न्हाई तक्रारीत. 'आवाज कमी' असं टाकतो."

महोदय, त्यावर आपण अर्जदाराच्या घरी स्पीकर पाठवला. आणणाऱ्या माणसाने तो पूर्ण आवाजात लावला. गल्ली गोळा झाली. भक्तीने खोक्यावर तळहात ठेवला, आतली धडधड चाचपली आणि आईला खुणेने विचारले, "हे काय सांगायलंय?" तिकडे तक्रार निकाली निघाली होती.

अर्जदार अडाणी नाही आणि भीक मागत नाही. खुणांच्या पाठांत गर्दीच्या वेळी आवाज तोडा, चित्राला हात लावू नका. तेही जमत नसेल तर पाठांची एक प्रत आधीच शाळेतल्या संगणकावर ठेवा, म्हणजे परभणीच्या एकाच सर्व्हरवर सगळा जिल्हा लोटणार नाही. हे योगीराज साहेबांना ठाऊक आहे. "वरून आदेश पाहिजे," एवढेच ते म्हणाले. वर आपण बसला आहात.

आदेश काढायचा नसेल तर शेरा टपालाने पाठवू नये. आपण स्वतः ताडकळसला यावे, भक्तीसमोर बसावे आणि तिचे शिक्षण का अडवले ते तिला हातांनी समजावून सांगावे.

संयम संपलेली, तरीही आपली नम्र,
विमला भागवत आंबोरे
ताडकळस, दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत : चाचणीच्या उत्तरपत्रिकेची प्रत.