ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली सही

सोम., १३ जाने. ७५

माझं टेबल खिडकीपाशी आलं. ओटोने स्वतः ढकललं, दुसरी बाजू टायपिस्ट शर्लीने धरली. ओटो आमचा चीफ डिझायनर, साठी उलटलेली, आणि टेबलं ढकलतोय. म्हणाला, खुर्ची काढायची तर उजेड हवा. चार वर्षं या फर्निचर कंपनीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या रेषा ट्रेस केल्या. आता वृद्धाश्रमाची खुर्ची माझी. पहिली, पूर्ण माझी. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘डिझाइन’पुढे D. R. लिहिलं. दिना रोहेकर.

सॅमसनना सांगितलं तर म्हणाले, मग आज चिंबोरी हवी होती. कॅनडातल्या या किचनर गावात चिंबोरी कुठली. टिनमधल्या सामनची आमटी केली, नारळाचं दूध घालून. (चिंबोरी आपल्या ज्यू घरात चालत नाही हे त्यांनाही माहीत आहे. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मुद्दाम बोलतात.)

गुरु., १६ जाने.

वृद्धाश्रमात तासभर नुसती बसले. माणसं खुर्चीतून कशी उठतात ते पाहिलं. सगळे आधी हात पुढे टाकतात, मग अंग. आमच्या जुन्या खुर्च्यांचे हात बैठकीच्या आतच संपतात, म्हणजे नेमके हवे तिथे नाहीत. हात तीन इंच पुढे न्यायचे, टोकाला गोल. पकडता आलं पाहिजे.

एका बाईने मला तीनदा उठून दाखवलं. नंतर म्हणाली, आता चहा तू आण.

शुक्र., २४ जाने.

मालकांपुढे मीटिंग. ग्रॅहमने खुर्ची दाखवली. विक्री आणि खर्च दोन्ही तोच बघतो, त्यामुळे दाखवणं त्याच्याकडे. छान बोलतो, खरंच. ‘माझी कल्पना अशी होती की हात पुढे आणावेत.’ मी समोरच बसले होते. तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं?

ओटो खोकला. मग सावकाश म्हणाला, ‘कोपऱ्यात बघा, नाव लिहिलंय.’ मालकांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढंच. पण ओटोला हे करायची काही गरज नव्हती.

रवि., ९ फेब्रु.

टोरोंटोला नोआमामांकडे मलिदा, देवाचे आभार मानायचा विधी. हायवेवर बर्फ, दोन तासांचे साडेतीन झाले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, दहावे सॅमसन, त्यामुळे सगळे आमच्यासाठी खोळंबले होते. पोहे भिजवलेले, खोबरं पाकिटातलं, बेदाणे मात्र भरपूर. एलियाहू हन्नबीचं, आपल्या प्रेषिताचं, नाव घेऊन सगळे एका सुरात गायले तेव्हा मला रडू आलं. कशासाठी, सांगता येत नाही. इथे आलो, टिकलो, एस्थर झाली, काम मिळालं.

मामींनी विचारलं, तू तिथे सुतारकाम करतेस म्हणे. म्हटलं, कागदावर.

गुरु., २७ फेब्रु.

पहिल्या बारा खुर्च्या वृद्धाश्रमात गेल्या. चाचणी म्हणून. पसंत पडल्या तर पुढची मोठी ऑर्डर. मी फ्लूने घरी होते, पाहायला मिळाल्या नाहीत. शर्लीने फोनवर सांगितलं, सुंदर दिसत होत्या.

सोम., १० मार्च

एक खुर्ची मोडली. मि. डोब्सन नावाचे गृहस्थ पडले. मनगट फ्रॅक्चर. खुर्चीचा मागचा पाय जोडापाशी चिरला होता. दिवसभर काही सुचलं नाही. जेवण अर्धं टाकलं. एस्थर म्हणते, ‘मॉम, यू आर टॉकिंग टु द सूप.’

मंगळ., ११ मार्च

सकाळीच खाली वर्कशॉपमध्ये गेले. मनुएल तिथला फोरमन, पोर्तुगालचा, इंग्रजी माझ्याहून कमी, पण लाकूड त्याला कळतं. मोडलेला पाय त्याने माझ्या हातात दिला. हलका. मी टणक मेपल लिहिलं होतं, हे स्वस्तातलं मऊ पॉप्लर. जोडात लाकडी खुंट्या तीन हव्या होत्या, दोनच. म्हणाला, वरून चिठ्ठी आली होती, बदल करा म्हणून. खाली सही ग्रॅहमची. चिठ्ठी आता कुठे आहे ते त्याला माहीत नाही.

म्हणजे माझी रेषा चुकली नव्हती. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग मि. डोब्सन आठवले आणि लाज वाटली.

गुरु., १३ मार्च

ग्रॅ.ने कॉफीला नेलं, समोरच्या डोनटच्या दुकानात. कधी नव्हे ते. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. सांगणं एवढंच: मालकांना लेखी रिपोर्ट हवाय. ओटोने ड्रॉइंग नीट तपासलं नाही म्हणून जोड कच्चा राहिला, असं तू लिही. ओटो नाहीतरी वर्षभरात निवृत्त होणार, त्याला काय फरक पडतो. मग त्याची जागा रिकामी. ‘त्या जागी तू असावीस असं मला मनापासून वाटतं.’

चिठ्ठीचं मी विचारलं. म्हणाला, कुठली चिठ्ठी?

मी म्हटलं, विचार करते. तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही हे इथे लिहून ठेवते.

शुक्र., १४ मार्च

मोह झाला. कालचा अख्खा दिवस. ओटोची खोली, ओटोचं मोठं टेबल, दारावर नाव. मनात पडदेसुद्धा बदलून झाले.

शब्बाथचे दिवे लावले, किशमिशचं शरबत झालं, मग सॅमसनना सगळं सांगितलं. बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, ‘दिना, ती खोली तुला आवडेल. पण ओटो रस्त्यात भेटला तर कुठल्या फुटपाथने जाशील?’

मग पोळी वाढून घेतली. या माणसाबद्दल देवाचे आभार मानते, तोंडावर मानत नाही.

सोम., १७ मार्च

शर्ली. आमची फाइल करणारी, टायपिंग करणारी, वीस वर्षं इथे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दुपारी माझ्या टेबलावर एक फाइल ठेवून वॉशरूमला गेली. आत ग्रॅ.च्या चिठ्ठीची कार्बन कॉपी. पॉप्लर, दोन खुंट्या, तारीख, सही. परत आल्यावर मी पाहिलं तिच्याकडे. म्हणाली, ‘मी तुला काही दिलं नाही. तू फाइल मागितलीस, मी फाइल दिली.’

तिचा नवरा आजारी असतो, नोकरी गेली तर तिचं माझ्याहून अवघड. तरी.

बुध., १९ मार्च

मीटिंग. मालक, ओटो, ग्रॅ., मी. मी रिपोर्ट वाचला. ड्रॉइंगमध्ये काय होतं, खुर्चीत काय निघालं, मध्ये कुठली चिठ्ठी आली. शर्लीचं नाव घेतलं नाही, फाइल म्हटलं. शेवटी हेही: खुर्च्या बाहेर जाण्याआधी मी खाली जाऊन एकही उलटी करून पाहिली नाही. फ्लूआधी आठवडा होता माझ्याकडे. ती चूक माझी.

ओटो म्हणाला, ‘तपासणीची सही माझी आहे. मीही खाली गेलो नाही.’

ग्रॅ. टेबलाकडे बघत होता. मला वाटलं आता नाकारणार. तो म्हणाला, ‘चिठ्ठी माझी. भाव कमी केल्याशिवाय ऑर्डर मिळत नव्हती. मोडेल असं वाटलं नाही.’

मालक म्हणाले, बघतो. उठून गेले.

जिन्यात ओटोने माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला. जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला. अर्थ विचारला नाही.

रवि., २३ मार्च

मि. डोब्सनना भेटायला गेले. एकटी. संत्री नेली. मनगट प्लास्टरमध्ये, मूड चांगला. माफी मागितली तर म्हणाले, कसली? ‘उठताना नाही मोडली. बसताना मोडली. उठायला झकास होती ती, तसे हात सगळ्या खुर्च्यांना लावा.’ आणि नव्या खुर्च्या परत नेताना आतल्या खोलीतली एक म्हातारी बाई जुनी खुर्ची घ्यायला तयार नव्हती म्हणे, उरलेल्या अकरातली एक लपवून बसली होती. नर्सने शेवटी काढून घेतली, पॉप्लरची म्हणून. पण लपवली होती.

गाडीत बसून पाच मिनिटं इंजिन सुरू केलं नाही.

गुरु., ३ एप्रिल

ओटो जूनअखेर जाणार. स्वतःच ठरवलं म्हणतो. मला खरं वाटत नाही, त्यालाही माहीत आहे की मला वाटत नाही. डब्यातली अळूवडी त्याला दिली. मिटक्या मारत खाल्ली, विचारलं, पान कुठल्या झाडाचं. अळू टोरोंटोहून मामींनी पाठवलं होतं.

त्याच्या जागी कोण, मालकांनी सांगितलेलं नाही. मनुएल म्हणतो मी. शर्ली म्हणते बाहेरून माणूस येणार. ग्रॅ.ला काढलेलं नाही, विक्री त्याच्याकडेच.

शुक्र., ११ एप्रिल

बर्फ वितळून पार्किंगमध्ये चिखल. ग्रॅ. माझ्या टेबलापाशी आला. त्या मीटिंगनंतर प्रथमच. हातात एक चिठ्ठी, जेवणाच्या टेबलात करायचे बदल, खाली सही अजून केलेली नाही. म्हणाला, ‘वर्कशॉपला देण्याआधी एकदा बघशील?’

वाचली. पहिल्या दोन ओळी बरोबर होत्या. टेबलाची कड कमी करायची कल्पना तर चांगलीच. तिसरी चालणार नाही, तसं सांगितलं. का, ते विचारलं त्याने. हे समजवायला वेळ लागणार होता आणि तो उभाच होता. मी शेजारचं स्टूल ओढून पुढे केलं. बसला.