नाव सर्वो, फेरी अर्धी

१० नोव्हें., सोम. सौंसर
मामाजी (सौ.चे वडील) रामाकोन्याहून राहायला आले. खुब्याचं हाड मोडल्यापासून काठी, आणि जामसांवलीच्या मारोतीचा शनिवार बंद. माळ्यावर आणून ठेवलेल्या चाकांच्या खुर्चीचं नाव काढलं तर, "मारोतीपुढं मी बसून जाऊ? चालता येईन तवा जाईन." सौ. माझ्याकडे पाहते. जणू बातमीदाराकडे उपायही छापून तयार असतो.

११, मंगळ.
उपाय सापडला. पाटावर मातीचं देऊळ, भोवती फिरायला मातीचा म्हातारा. खाली रिमोटच्या विमानातला जुना सर्वो, काडेपेटीहून लहान मोटर. मामाजींनी कळ सरकवायची, म्हाताऱ्याने प्रदक्षिणा घालायची. प्रतिनिधी चालतो, मीही पेपरात तेच आहे.
संध्याकाळी चाचणी. म्हातारा अर्ध्यावर थांबला, आल्या वाटेने परत.
"हे तं महादेवाची अर्धी झाली, जवाईबापू. मारोतीले पुरी लागते."
संस्कृतात 'सर्वो' म्हणजे सगळा. हा नावापुरताच.

१२, बुध.
रिमोटवर फिरण्याची मर्यादा वाढवली. जरासा पुढे सरकला, मग अडून नुसता घुरघुरला. उघडून पाहिलं: आतल्या चाकाला प्लास्टिकची खुंटी. ती कापली आणि कोन ओळखणारा भाग काढला की अखंड फिरेल, पण आपण कुठे आहोत हे त्याला कळणार नाही. देवासमोर थांबणारच नाही. असे भक्त पुष्कळ पाहिले. पुन्हा बंद केला.

१३, गुरु.
बातमीसाठी पांढुर्णा. तिथल्या घड्याळवाल्याला सहज विचारलं. मान वर न करता, "त्याच्या पोटात कायले हात घालून राहिले गुरुजी? मोठं चाक त्याच्यावर बसवा, निम्म्या दातांचं लहान चाक म्हाताऱ्याखाली. हा अर्धा फिरन, थो पुरा."
बारा वर्षं संस्कृत पाठशाळेत काढली. हे सुचलं नाही. चाकंही त्यानेच दिली.

१४, शुक्र.
पूर्ण फेरी. पण अपसव्य. एकमेकांत अडकलेली चाकं उलटसुलट फिरतात, हे विसरलो.
सौ.: "बाबाचं पुण्य उसवून राहिले का तुम्ही?"
रिमोटवर दिशा बदलायची बारकी कळ निघाली. आता देऊळ उजव्या हाताला.

१५, शनि.
मामाजी आंघोळ करून, टोपी घालून बसले. कळ सरकवली. पुरी झाली. पण दुसऱ्या फेरीआधी म्हातारा उलटा फिरून मूळ जागी येणार. उलट फेरीने आधीची वजा होते का? मी पोथ्या काढू लागलो.
"राहू द्या. ते वापस येनं आहे. आपन जामसांवलीहून घरी येत नाही काय?"
अकरा फेऱ्या झाल्या. मग मामाजींनी वाकून मातीच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.
"याचे पाय तं हलूनच नाही राहिले."
"नाही. चाक फिरवतं त्याला."
मामाजींनी टोपी सारखी केली. "अन् जामसांवलीले मारोती खुद निजून आहे."
"हो. तिथली मूर्ती आडवीच आहे."
"मंग मी बसून गेलो तं थो काय म्हनन?"
सौ. पोळी लाटता लाटता थांबली. "पुढच्या शनवारी नेऊ का, बाबा?"
"पाहू."
मामाजींच्या 'पाहू'चे अर्थ दोन, हो आणि नाही. मी पहिला धरला. माळ्यावरची चाकांची खुर्ची उतरवून पुसून ठेवली.