घंटेनंतर

१० ऑगस्ट २०२४, शुगर लँड

सिस्टर्स आल्या! तिघी. सामानात कपडे कमी, वसईची सुकेळी जास्त. टेक्सासमधलं त्यांच्या संस्थेचं हे पहिलं घर – म्हणजे माझंच घर, त्यांना स्वतःची जागा मिळेपर्यंत. मदर रेजिना बोर्डिंगमध्ये माझ्या दोन वर्षं पुढे होती. दारातच म्हणाली, "फिलू, एवढ्या मोठ्या घरात एकटी?" हे गेल्यापासून मला फिलू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

१५ ऑगस्ट

मारियामातेचा सण. हॉलमध्ये पहिली मिस्सा. सोफा गराजमध्ये गेला, ह्यांची आरामखुर्चीही. परक्या देशात मराठी गाणी, शेजारी गुडघे टेकलेल्या सिस्टर्स. खूप रडले. चांगलं रडले.

१ सप्टेंबर

रेजिनाने बॅगेतून पितळी घंटा काढली. बोर्डिंगमध्येही रात्रीची घंटा तिच्याच हातात असे. घंटा झाली की सकाळच्या मिस्सेपर्यंत मौन. बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. वाक्य अर्धं राहिलं तर अर्धंच. एकदा घंटेनंतर मला विंचू चावला. मी आवाज काढला नाही. पायाला फडकं बांधून उजाडेपर्यंत पडून राहिले. त्याबद्दल संत तेरेजाचं चित्र बक्षीस मिळालं, सगळ्या मुलींसमोर.

यतीनला माझी ही गोष्ट कधीच आवडली नाही. "आई, दॅट्स अ हॉरिबल स्टोरी." त्याला दुसरी आवडायची. बोर्डिंगमधून आम्ही घरी पाठवायचो ती पत्रं मदर वाचत. म्हणून आईचं नि माझं ठरलेलं होतं – मी 'इथे सगळं छान आहे' असं लिहिलं की काहीतरी बिघडलंय. आई पहिल्या एस.टी.ने नाशिकला हजर. लहानपणी दहादा सांगायला लावायचा.

आता आमच्याकडेही नऊला घंटा होते. झोप छान लागते.

६ ऑक्टोबर

केरळच्या दोघी आल्या. ह्यूस्टनच्या दोन मुली, सिस्टर व्हायचं का ते 'बघायला' येऊन राहिल्यात. वरच्या खोल्या त्यांना दिल्या. मी खाली, वॉशिंग मशीनशेजारच्या खोलीत. "तुझ्या गुडघ्यांना बरं," रेजिना म्हणाली. गुडघ्यांची तक्रार मी केलेली आठवत नाही.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला यतीनकडे, अमेरिकेतल्याच डब्लिनला, गेले नाही. तिकीट कॅन्सल केलं. "पहिलं वर्ष आहे, फिलू. तूच नसलीस तर कसं?" गाडीची किल्ली आता रेजिनाच्या खोलीत असते. सगळं सगळ्यांचं. माझा फोनही तिथेच. बोलायचं ते स्पीकरवर, जवळ एक सिस्टर विणत बसते. बोर्डिंगच्या भेटीच्या खोलीत बसायची तशीच.

यतीनच्या सियाने विचारलं, "आजी, आर यू अ नन नाऊ?" मी हसले. विणणारी सिस्टर हसली नाही.

१५ डिसेंबर

नाताळचे फुगे, आमचे पिठाचे गोड गोळे, तळत होते. सिस्टर जागृती मदतीला. सगळ्यांत धाकटी, आमच्या वसईतल्या नंदाखाल गावची. हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही जा ना मुलाकडे. खरंच जा."

"का गं?"

दारात रेजिना उभी होती. जागृती म्हणाली, "मावशी, करपतायत बघा."

१९ डिसेंबर

जागृती गेली. भारतात बदली झाली, असं रेजिनाने जेवताना सांगितलं. तिचा स्वेटर मशीनमध्ये ओलाच राहिलाय.

२५ डिसेंबर

नाताळ. हॉलच्या चॅपेलमध्ये दाटीवाटी. नव्या चौघी धरून आता आम्ही अकरा जणी. 'आम्ही' असं लिहून गेले.

१२ जानेवारी

२ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, घर संस्थेच्या नावावर करायचंय. दुपारी वकील येणार. त्याच दिवशी मी व्रत घ्यायचं, जन्मभर इथेच राहण्याचं. मी म्हटलं, "बघू." रेजिनाने माझा हात हातात घेतला. "बघू काय? तू तर कधीच हो म्हणालीस."

कधी म्हणाले? दिवसभर आठवते आहे.

मला यतीनकडे जायचंय. इथे लिहिलं, म्हणजे खरं आहे. वही तांदळाच्या डब्यात ठेवते.

१९ जानेवारी

यतीनचा फोन आला होता म्हणे. मी प्रार्थनेत आहे असं रेजिनाने त्याला सांगितलं. मी भांडी घासत होते.

२६ जानेवारी

आज फोन मिळाला. रेजिना स्वतः शेजारी बसली.

"आई, कशी आहेस?"

"यतीन, इथे सगळं छान आहे."

तिकडे टीव्ही बंद झाला. मग – "ओके, आई. ओके." रेजिना माझ्याकडे बघून मान डोलावत हसली. तिला आईचं नि माझं ठरलेलं ठाऊक नाही, यतीनला आहे.

१ फेब्रुवारी

यतीन आला होता. शनिवारची सुट्टी मिळताच दिवसाउजेडी विमानात बसला असेल, पण पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले. घंटा नुकतीच झाली होती.

दारात त्याचा आवाज. "आय वॉन्ट टु सी माय मदर." रेजिना – मदरला बोलायची मुभा असते – अगदी प्रेमाने म्हणाली, "आईचं मौन सुरू आहे, बाळा. पण तिला यायचं असलं तर येईल. आम्ही दारं बंद करत नाही."

खरंच बंद नव्हती. माझ्या खोलीचंही उघडं होतं. मधे फक्त हॉल.

"आई? मी आलोय. चल, घरी जाऊ."

मी कॉटवर बसले होते. चपला पायात होत्या. ओ ओठांपर्यंत आली नि तिथेच राहिली. पोटरीत कळ उठली, पन्नास वर्षांपूर्वीची.

त्याने पुन्हा हाक मारली. मग रेजिना म्हणाली, "बघ. तिचं ठरलंय." गाडी बराच वेळ दाराशी सुरू होती. मग गेली.

२ फेब्रुवारी

सकाळी उशाशी संत तेरेजाचं चित्र होतं.